बोट छोटी, पंख्याचे गणित मोठे
रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल बोटीसाठी प्रोपेलर कसा निवडावा? शिरूर, दौंडच्या हौशी मंडळींसाठी मार्गदर्शन

प्रतिनिधी

शिरूर : उन्हाळ्याची सुटी लागते, मामाच्या गावी मुले जमतात आणि कोणी तरी पुण्याहून आणलेली किंवा घरीच जुळविलेली रिमोटची बोट शेततळ्यावर येते. बोट पाण्यात सोडली जाते, वीस-पंचवीस मीटर झपाट्याने जाते आणि मध्येच थांबते. मोटर तापलेली असते किंवा बॅटरीने मान टाकलेली असते. काठावरची मुले एकमेकांकडे पाहतात आणि त्यांतला एखादा अंगातला शर्ट काढू लागतो. या छंदातील सर्वांत धोक्याचा क्षण हाच होय.

बोट मध्येच थांबण्यामागे अनेक कारणे असतात. तथापि, सर्वाधिक वेळा दोष असतो तो बोटीच्या मागच्या टोकाला बसविलेल्या, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या अशा पंख्याचा, म्हणजेच प्रोपेलरचा. मोटर, बॅटरी आणि रिमोट यांवर हजारो रुपये खर्च करणारी हौशी मंडळी पंखा मात्र दुकानात जो मिळेल तो बसवितात. बोटीचा वेग, बॅटरीचा टिकाव आणि मोटरचे आयुष्य या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात, हे पुष्कळदा मोटर जळाल्यानंतरच उमगते.

घोड, कुकडी, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांचा हा परिसर. चिंचणीचा घोड प्रकल्प, भीमेवरील बंधाऱ्यांमागे साठलेले पाणी, दौंड तालुक्यात खानोटा-राजेगावपर्यंत पसरणारा उजनीचा फुगवटा आणि गावोगावची शेततळी, अशी बोट चालविण्याजोगी ठिकाणे येथे कमी नाहीत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील विद्यार्थ्यांसाठी नौकेची प्रतिकृती बनविणे हा स्पर्धेचाही विषय आहे. त्यामुळे पंख्याची निवड कशी करावी, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मोठा पंखा म्हणजे अधिक वेग नव्हे

जहाजाच्या प्रोपेलरचा इतिहासच या गैरसमजापासून सुरू होतो. इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचे पेटंट घेतले. पाण्यातून जाताना स्क्रूला जितके जास्त वेढे, तितका जोर अधिक, अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून स्मिथने आपल्या छोट्या बोटीला दोन पूर्ण वेढ्यांचा लाकडी स्क्रू बसविला. १८३७ मध्ये लंडनजवळच्या कालव्यात चाचणी सुरू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा सुमारे निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली! मोटरच्या ताकदीला झेपेल एवढाच पंखा असावा, हा धडा त्या अपघाताने दिला. तो आजच्या ६० सेंटिमीटरच्या मॉडेललाही तंतोतंत लागू पडतो.

रेडिओलहरींनी बोट चालविण्याची कल्पनाही सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर अशी बोट चालवून दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळविले. रिमोट आणि बॅटऱ्या तेव्हापासून पार बदलल्या. पाण्याचे नियम मात्र तेच राहिले.

व्यास आणि पिच

कोणत्याही पंख्याची ओळख दोन मापांनी होते. पहिले माप व्यास. पंखा फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात, त्याची रुंदी म्हणजे व्यास. दुसरे माप पिच. लाकडात स्क्रू पिळला, की एका फेऱ्यात तो ठराविक अंतर आत जातो. त्याचप्रमाणे पंख्याने एक फेरा पूर्ण केल्यावर तो सिद्धांतानुसार जितके अंतर पुढे जाईल, ते त्याचे पिच होय. पाती जितकी अधिक पिळलेली, तितके पिच जास्त.

पिचचा आकडा बहुधा व्यासाच्या पटीत सांगतात. ४० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे पिच १.० असेल, तर तो एका फेऱ्यात ४० मिलिमीटर पुढे जाईल. पिच १.४ असेल, तर ५६ मिलिमीटर. वेगवान बोटींसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑक्टुरा कंपनीच्या पंख्यांवर 'एक्स ४४२' असे क्रमांक असतात. त्यांतील पहिला ४ हा १.४ पिचची मालिका दर्शवितो, तर ४२ हा मिलिमीटरमधील व्यास. ही खूण ठाऊक असली, की दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही.

यावरून वेगाचे गणित सोपे आहे. ४० मिलिमीटर पिचचा पंखा पाण्यात मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर तो मिनिटाला २४० मीटर, म्हणजेच ताशी १४.४ किलोमीटर जायला हवा. प्रत्यक्षात पाणी लाकडासारखे घट्ट नसते. ते मागे सरकते आणि काही फेरे वाया जातात. या घसरणीला स्लिप म्हणतात. ती ३० टक्के धरली, तर बोटीला सुमारे ताशी १० किलोमीटर वेग मिळेल.

ट्रॅक्टर चालविणाऱ्यांना हे गिअरच्या उदाहरणाने पटकन कळेल. कमी पिच म्हणजे खालचा गिअर. ओढ भरपूर, वेग बेताचा. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. नांगरट करताना कोणी वरच्या गिअरवर ट्रॅक्टर चालवीत नाही. जड बोटीला जास्त पिचचा पंखा लावणे हा तसाच प्रकार आहे.

आधी बोट ओळखा

पंखा निवडण्यापूर्वी बोटीची जात पाहावी. टग, मच्छीमार नौका, युद्धनौका यांच्या प्रतिकृती पाणी कापत, त्यात अर्धवट बुडून चालतात. अशा बोटींचा वेग त्यांच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या पातळीवर मोजलेली मीटरमधील लांबी घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्याला १.२५ ने गुणावे. सेकंदाला मीटरमध्ये जो आकडा येतो, तो त्या बोटीचा साधारण कमाल वेग. ६० सेंटिमीटरच्या बोटीसाठी तो ताशी अवघा साडेतीन किलोमीटर भरतो. त्यापुढे मोटरचा सारा जोर बोटीपुढची लाट उंच करण्यात खर्ची पडतो.

अशा नौकेला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, तीन किंवा चार पात्यांचा आणि सावकाश फिरणारा पंखा शोभतो. ४० मिलिमीटर पिचच्या पंख्याला येथे मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे पुरेसे होतात. त्यासाठी कमी फेऱ्यांची मोटर घ्यावी किंवा मध्ये गिअर बसवावा.

दुसरी जात शर्यतीच्या बोटींची. तळ सपाट किंवा इंग्रजी 'व्ही' आकाराचा, वजन हलके. वेग वाढला, की या बोटी पाण्यावर उचलल्या जातात आणि पृष्ठभागावरून घसरत धावतात. त्यांना लहान व्यासाचा, १.४ किंवा त्याच्या आसपास पिच असलेला, दोन पात्यांचा आणि वेगाने फिरणारा पंखा लागतो. काही बोटींत तर पंख्याचा वरचा अर्धा भाग मुद्दाम पाण्याबाहेर ठेवलेला असतो. अशा अर्धबुडीत पंख्याची पाती वेगळ्या घडणीची असतात. तो टगला बसविला, तर फेस खूप निघेल, पण ओढ मिळणार नाही.

पाच मिलिमीटरचा महिमा

पंखा निवडताना सर्वाधिक फसगत होते ती व्यासाबाबत. ३५ मिलिमीटरचा पंखा काढून ४० मिलिमीटरचा बसविला, तर डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो. मोटरला मात्र तो चांगलाच जाणवतो. फेरे तेवढेच ठेवले, तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणजे या पाच मिलिमीटरच्या फरकाने मोटरवरील भार जवळजवळ दुप्पट होतो. फेऱ्यांचा हिशेब तिसऱ्या घाताचा आहे. फेरे १० टक्क्यांनी वाढले, तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक लागते.

प्रत्यक्षात भार वाढला, की मोटरचे फेरे थोडे कमी होतात. त्यामुळे वाढ अगदी दुप्पट दिसणार नाही. पण विजेचा प्रवाह भरमसाट वाढतो, हे नक्की. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये अँपिअरचा काटा का पाहतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काटा नेहमीपेक्षा वर गेला, की वाइंडिंग जळण्याची वेळ आली, हे तो जाणतो. बोटीच्या मोटरीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की जळालेली छोटी मोटर भरून देणारा कारागीर सहसा सापडत नाही. ती फेकूनच द्यावी लागते.

म्हणून नवशिक्यांसाठी एक जुना ठोकताळा चांगला आहे. ब्रश असलेली साधी मोटर गिअरशिवाय थेट शाफ्टला जोडली असेल, तर पंख्याचा व्यास मोटरच्या डब्याच्या व्यासाहून मोठा नसावा. हौशी मंडळींत '५४०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटरीचा डबा सुमारे ३६ मिलिमीटरचा असतो. तिला ३० ते ३५ मिलिमीटरचा दोन पात्यांचा पंखा लावून सुरुवात करावी.

ब्रशलेस मोटरीवर 'केव्ही' असा आकडा लिहिलेला असतो. एका व्होल्टला ती भाराविना मिनिटाला किती फेरे घेते, ते त्यातून समजते. १,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर ७,४०० फेरे घेईल. पाण्यात ते कमी होतील. तीच मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर चालविली, तर फेरे दीडपट होतात आणि तोच पंखा तिला सोसेनासा होतो. बॅटरी वाढविली, तर पंखा लहान करावा, हा नियम विसरू नये.

पाती किती, कशाची?

दोन पात्यांचा पंखा कमी शक्तीत अधिक काम देतो. तीन पात्यांचा थरथर कमी करतो, त्याची ओढही सलग असते. चार-पाच पात्यांचे पंखे प्रामुख्याने प्रतिकृती हुबेहूब दिसावी म्हणून किंवा ओढकामाच्या नौकांसाठी वापरतात. पाते वाढले, की भार वाढतो. त्यामुळे दोनावरून तीन पात्यांवर जाताना व्यास किंचित कमी करावा.

शिकताना नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा पंखा उत्तम. दगडावर आपटला, तर पंखा तुटतो, पण शाफ्ट वाचतो. मात्र जास्त भाराखाली त्याची पाती वाकतात आणि पिच बदलते. पितळी पंखा आकार टिकवितो आणि त्याला धार करता येते. अतिवेगवान बोटींसाठी बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे पंखे मिळतात. त्यांना घरी कानस लावू नये. बेरिलियमची धूळ श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ शकते.

धातूचा पंखा घेतल्यावर त्याचा तोल पाहणे आवश्यक आहे. बारीक गुळगुळीत सळईवर पंखा अडकवून सळई आडवी धरावी. एखादे पाते दर वेळी खालीच येत असेल, तर ते जड आहे. त्याची मागची बाजू पॉलिश पेपरने हळूहळू घासावी. तोल नसलेल्या पंख्याने शाफ्टची नळी झिजते आणि त्यातून पाणी बोटीत शिरते.

फिरण्याची दिशाही महत्त्वाची. पंखे उजवे आणि डावे असे दोन प्रकारचे असतात. मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरून बोट पुढे नेणारा तो उजवा. उजव्या पंख्याने बोटीचा मागचा भाग थोडा उजवीकडे सरकतो आणि नाक डावीकडे वळते. हा रिमोटचा दोष नव्हे. दोन पंखे असतील, तर एक उजवा व एक डावा लावल्याने ही ओढ नाहीशी होते. ब्रशलेस मोटर उलटी फिरत असेल, तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन बदलाव्यात. थ्री फेज पंपाची दिशा बदलण्याची हीच युक्ती गावोगावी सर्वांना ठाऊक आहे.

फेस झाला, वेग गेला

कित्येकदा मोटर किंचाळते, मागे फेस उसळतो आणि बोट जागची हलत नाही. पंखा पृष्ठभागाजवळ असल्याने तो वरची हवा खेचून घेतो आणि पाण्याऐवजी हवेत फिरू लागतो. अशा वेळी शाफ्ट थोडा खाली घ्यावा किंवा वजन मागे सरकवून पंखा बुडेल असे करावे. पात्याचे टोक आणि बोटीचा तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या किमान दहाव्या भागाइतके अंतर हवे.

दुसरा प्रकार कॅव्हिटेशनचा. पाते फार वेगाने फिरले, की त्याच्या पृष्ठभागावरील दाब इतका घटतो, की तेथील पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. इंग्रज अभियंता चार्ल्स पार्सन्स याच्या 'टर्बिनिया' या नौकेला १८९४ मधील पहिल्या चाचण्यांत याचाच फटका बसला. यंत्र शक्तिमान होते, पण एकटा पंखा पाण्यात पकड घेईना. अखेर त्याने तीन शाफ्ट बसवून प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये याच नौकेने ब्रिटिश आरमाराच्या संचलनात सर्वांना मागे टाकले.

हौदातली परीक्षा

नवा पंखा थेट नदीवर नेऊ नये. घराजवळच्या पाण्याच्या हौदात बोट मागून घट्ट धरावी आणि मोटर पूर्ण वेगाने १०-१५ सेकंद चालवावी. बॅटरी व स्पीड कंट्रोलर यांच्यामध्ये वॉटमीटर जोडून किती अँपिअर प्रवाह लागतो, ते पाहावे. धरलेल्या बोटीत हा आकडा सामान्यतः धावत्या बोटीपेक्षा जास्त येतो, त्यामुळे तो सुरक्षित अंदाज ठरतो. कंट्रोलरवर लिहिलेल्या क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांच्या आत तो असावा.

त्यानंतर काठाजवळ एक-दोन मिनिटे बोट चालवून परत घ्यावी व मोटरला बोट लावून पाहावे. पाच सेकंद बोट टेकविता आले नाही, तर पंखा मोठा आहे. व्यास दोन-तीन मिलिमीटरने कमी करावा. मोटर अगदीच थंड असेल आणि वेग हवा असेल, तर तितकाच वाढवावा. एका वेळी व्यास, पिच किंवा पाती यांपैकी एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक चाचणीचा आकडा वहीत टिपून ठेवावा. फुगलेली किंवा चटका बसेल इतकी तापलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती पेट घेऊ शकते.

आपल्याकडचे पाणी

पुस्तकांतील सल्ले स्वच्छ तलाव गृहीत धरून लिहिलेले असतात. भीमेत आणि उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी ही नित्याची बाब आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसली जाते. तिच्या केसाळ मुळ्या पंख्यात गुंतल्या, की पंखा जागीच अडतो. मोटर अडली, की प्रवाह सर्वाधिक होतो आणि काही क्षणांत मोटर किंवा कंट्रोलर जळू शकतो. म्हणून बॅटरीच्या वायरीत फ्यूज असावा. हौदातील चाचणीत जो आकडा आला, त्याहून थोडा वरचा फ्यूज पुरतो. टगसारख्या बोटीला पंख्याभोवती कडे किंवा जाळी बसविता येते. शर्यतीच्या बोटी जलपर्णीच्या पाण्यात नेऊच नयेत.

नदीच्या पाण्यातील वाळू शाफ्टच्या नळीत शिरून ती झिजविते. दर खेपेनंतर शाफ्ट काढून पुसावा आणि नवे ग्रीस भरावे. हिवाळ्यात भिगवण परिसरात रोहित व इतर पक्षी उतरतात, त्यांच्या चरण्याच्या जागी बोट चालवू नये.

बोट अडली तर...

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतील मोठे शेततळे ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि तीन मीटर खोल. ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही आणि तिरप्या भिंतीला हाताला धरायला काही नसते. त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणे कठीण जाते. शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात. भीमेच्या आणि घोडच्या पात्रात वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात पडते. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग सुरू झाला, की पातळी पाहता पाहता वाढते.

म्हणून बोट पाण्यात सोडण्यापूर्वीच ती परत आणायची तजवीज करावी :

- सोबत गळाची काठी न्यावी. दोरीच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधून बोटीपलीकडे फेकता येतो आणि दोरी गुंडाळीत बोट काठाला ओढता येते.
- शेततळ्यावर दोघांनी समोरासमोरच्या काठांवर उभे राहून लांब दोरी पाण्यावर ताणून धरली, तरी बोट काठाकडे सरकविता येते.
- वारा ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेचा काठ मोकळा असेल अशी जागा निवडावी. बंद पडलेली बोट वाऱ्याने आपोआप तेथे लागते.
- रिमोटचा संपर्क तुटल्यास मोटर आपोआप थांबेल, अशी फेलसेफची व्यवस्था करून ती काठावरच तपासावी.
- बोटीच्या पोकळीत थर्मोकोल किंवा फोम भरावा, म्हणजे पाणी शिरले तरी ती तरंगती राहील.
- लहान मुलांसोबत मोठे माणूस असावेच. शेततळ्यावर दोरी बांधलेली हवाभरली ट्यूब ठेवावी.

यांतले काहीच जमले नाही, तर बोट तेथेच सोडून घरी यावे. सकाळपर्यंत ती बहुधा कुठल्या तरी काठाला लागलेली असते. नाहीच लागली, तर दुसरी बनविता येते. बोटीसाठी कोणीही पाण्यात उतरणार नाही, एवढे मुलांकडून आधी कबूल करून घ्यावे आणि मगच रिमोट त्यांच्या हाती द्यावा.